रोजनिशी कशी लिहावी, दुसऱ्याची कशी वाचावी

रोजनिशी लिहायला घेणाऱ्या अनेकांची वही जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच थांबते. त्याला कारण आळस असतोच असे नाही. आपल्या दिवसात लिहिण्याजोगे काही घडलेच नाही, असे त्यांना मनापासून वाटत असते. म्हणून सुरुवात वाचनापासून करावी, असे मी सुचवीन.

त्यासाठी ‘माझा प्रवास’ हे पुस्तक हाती घ्यावे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक घरच्या कर्जापायी, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. 1858 साली इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ते शहरातच होते. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे पुढे लिहून काढले आणि वैद्यांनी ते 1907 साली प्रसिद्ध केले. त्या लढाईचा इतिहास इतरत्रही मिळतो. परंतु राणीचा दिवस कसा जाई, शहर पडल्यावर लपूनछपून जीव वाचवणाऱ्यांवर काय गुदरले, हे एका साध्या भिक्षुकाच्या नजरेने पाहायचे तर इथेच यावे लागते. वाचताना हातात पेन्सिल असू द्यावी आणि जिथे आपण थबकलो, तिथे समासात खूण करावी. शेवटी त्या खुणा चाळल्या की ध्यानात येते, त्यांतल्या कितीतरी खाणे, पैसा, वाट आणि भीती यांच्या जागी पडलेल्या आहेत. आपल्या वहीत उतरवायचे ते हेच.

माझ्या आजोबांची 1972 च्या दुष्काळातली एक वही आमच्या घरी आहे. एका पानावर ‘आज मन फार उदास’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्या ओळीपाशी मला कधी थांबावेसे वाटले नाही. दुसऱ्या पानावर असे आहे: ‘विहिरीत पाणी दीड हात. खडीच्या कामावरून सांजेला आलो. मिलोची भाकरी थापताना चिरते म्हणून आईने पीठ उकळत्या पाण्यात मळले. धाकट्याने सुकडी मागून घेतली.’ या चार वाक्यांत उदास हा शब्द कुठेही नाही, तरीही ती वाचताना आजही माझा गळा दाटून येतो. रोजनिशी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

तेव्हा लिहिताना ‘छान’, ‘वाईट’, ‘मजा आली’ असे शब्द लेखणीतून आले, तर ते खोडू नयेत. त्यांच्यापुढे, असे नेमके कशामुळे वाटले, ते एका वाक्यात लिहावे. एखाद्याचे बोलणे टिपायचे असेल, तर त्याच्याच बोलीत टिपावे, शुद्ध करून घेऊ नये, कारण माणूस गेल्यावर त्याची वाक्ये आपल्या आठवणीत हळूहळू आपल्यासारखी बोलू लागतात. भाजीचा भाव, बसचे तिकीट, पहिला पाऊस कोणत्या दिवशी आला, या नोंदी कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नयेत. दिवसाला पाच-सहा ओळी पुरतात. तारखेसोबत वार आणि गावाचे नावही लिहावे.

वेळ कोणतीही चालेल, पण ती एखाद्या रोजच्या कामाला जोडलेली असावी. रात्रीची भांडी आवरल्यावर किंवा सकाळचा चहा उकळेपर्यंत लिहिणाऱ्यांची वही टिकते, असा माझा अनुभव आहे. मध्ये आठ दिवस राहून गेले, तर मागचे भरून काढत बसू नये. आजची तारीख घालून पुढे जावे. भरून काढण्याच्या ओझ्यानेच किती वह्या कायमच्या मिटतात! पाण्याने पसरणारी शाई मात्र टाळावी, कारण पावसाळ्यात कपाटातल्या वहीलाही ओल लागते.

यातले काही इतरांना वाचायला द्यावेसे वाटले, तर मूळ वहीला हात लावू नये. एखादी नोंद निवडून ती वेगळ्या कागदावर विस्ताराने लिहावी आणि त्या घरात, त्या काळात न वावरलेल्या माणसाला काय कळणार नाही, एवढेच तिच्यात घालावे. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी आणि सुकडी म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा कोरडा खाऊ, हे आज सांगावेच लागते. त्या लेखनात ज्यांचे आजारपण, कर्ज किंवा भांडण येते, त्यांना ते आधी वाचून दाखवावे आणि त्यांनी नको म्हटले, तर तो भाग वहीतच राहू द्यावा. आपली आठवण आपली असली, तरी त्यातले दुःख पुष्कळदा दुसऱ्याचे असते.

वर्षाने वही पुन्हा वाचावी. तेव्हा काही चुकीचे आढळले, तरी मूळ ओळ तशीच ठेवून समासात वेगळ्या शाईने दुरुस्ती लिहावी आणि तिच्याखाली त्या दिवसाची तारीख घालावी.