सकाळी एकदम मूठभर गोळ्या? अँटिबायोटिकसोबत ताकदीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

काकूंनी पिशवी काउंटरवर उपडी केली. सहा डब्या, दोन स्ट्रिप आणि कागदाची एक पुडी. बराचसा माल अमेरिकेचा. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कनेक्टिकटला जाऊन राहिल्या होत्या. तिथे घरामागच्या झाडीत कधीतरी गोचीड चावली, ते कळलंही नाही, आणि निघायच्या आधी उजवा गुडघा टम्म सुजला. तिकडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून लाइम आर्थ्रायटिस सांगितला, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराने आलेली सांधेसूज. त्यावर अँटिबायोटिक दिलं: डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 28 दिवस. अर्धा कोर्स तिकडे झाला, उरलेला नागपुरात चालू होता. डब्यांतला बाकी ऐवज लेकीने प्रेमाने भरून दिलेला: कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, मल्टीव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल, प्रोबायोटिक.

"मी तं सकाळी साऱ्या एकदम घेऊन टाकते जी," काकू म्हणाल्या. "मंग दिवसभर कटकट नाई."

औषधाच्या दुकानात बसून मला एवढं कळलंय की औषध चुकीचं असण्यापेक्षा वेळ चुकीची असण्याचे प्रकार कितीतरी जास्त असतात. काकूंची डॉक्सी बरोबर होती, डोस बरोबर होता, कॅल्शियमही वाईट नव्हतं. फक्त सगळी मंडळी एकाच घोटाबरोबर पोटात उतरत होती.

लाइम आपल्याकडे क्वचितच दिसतो. त्याचं नाव पडलं तेच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून. 1975 च्या सुमारास तिथल्या मुलांचे सांधे का सुजतात याचा शोध सुरू झाला आणि 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीत सापडलेला नागमोडी जिवाणू जगापुढे आणला. आजार परका असला तरी औषध मात्र नागपूरच्या चांगलं ओळखीचं आहे. 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने विदर्भाला घाम फोडला तेव्हा गवतातल्या त्या बारीक किड्याच्या तापावर हीच डॉक्सी चालली. मुरुमांवरही ती दिली जाते. त्यामुळे पुढचं बरंचसं फक्त लाइमच्या पेशंटांपुरतं नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: सगळं एकत्र

डॉक्सीचा रेणू कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम यांतलं जे भेटेल त्याला पोटातच घट्ट धरतो. धरलेली ही जोडी आतड्याच्या अस्तरातून रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जाते. म्हणजे अँटिबायोटिकही वाया आणि ताकदीची गोळीही वाया. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही. ना उलटी, ना पुरळ. पेशंट म्हणतो, मी तर एकही डोस चुकवला नाही.

आता ही खनिजं कुठे कुठे लपून बसतात ते पाहू, कारण डबीवर मोठ्या अक्षरात ‘कॅल्शियम’ लिहिलेलं असतं तिथे कुणी सहसा फसत नाही. मल्टीव्हिटॅमिनच्या पुढच्या बाजूला फळांची चित्रं असतात. मागे बारीक अक्षरांत झिंक (जस्त), फेरस (लोह), मॅग्नेशियम. बी-कॉम्प्लेक्स एकटं असेल तर अडचण नाही, पण नावाच्या शेपटीला ‘झेड’ असेल तर त्यात बहुधा जस्त असतं. नावात कुठे ‘कॅल’ किंवा ‘फेर’ दिसलं तरी स्ट्रिप उलटी करून वाचा. गॅससाठी घेतो ती गुलाबी-पांढरी पातळ औषधं बहुतेक अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची. झोप यावी म्हणून हल्ली मॅग्नेशियम खपतं. प्रोटीन पावडर आणि दुधात घालायच्या पावडरींमध्ये कॅल्शियम असतंच.

आणि काकूंची ती पुडी. ॲसिडिटीसाठी शेजारणीने दिलेलं शंखभस्म. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळ, मोती, कवडी यांची भस्मंही त्याच घरची. मंडूर आणि लोहभस्म म्हणजे लोखंड. लिव्हरसाठी म्हणून घेतात त्या काही गोळ्यांमध्येही मंडूर असतं. "पण हे आयुर्वेदिक आहे" या वाक्याने डॉक्सीची समजूत पटत नाही; तिला फक्त धातू दिसतो. हाडांसाठी रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यातून घेणारी मंडळी तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तोही कॅल्शियमच.

दुधाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. दुधासोबत डॉक्सीचं शोषण साधारण 20 टक्के घटतं. जुन्या टेट्रासायक्लिनचं निम्म्याहून अधिक घटायचं, म्हणून भीती मोठी बसलेली आहे. चहातल्या दोन चमचे दुधाने आभाळ कोसळत नाही. पण ‘गरम औषध आहे’ म्हणून गोळी ग्लासभर दुधासोबत घ्यायची आपली जी खोड आहे, ती कोर्सपुरती सोडा.

दुपारचे 2

काकूंच्या स्ट्रिपच्या पाठीवर मी पेनाने दोन वेळा लिहून दिल्या: सकाळी 8, रात्री 8. मग कॅल्शियमच्या डबीवर लिहिलं: दुपारी 2, जेवणानंतर. नियम असा की खनिजाची गोळी डॉक्सीनंतर किमान 2 तासांनी घ्यायची आणि खनिज घेतलं असेल तर डॉक्सी 4 ते 6 तास थांबवायची. दिवसातून दोनदा डॉक्सी असेल तर घड्याळात मांडून बघा, दुपार सोडून धड जागाच उरत नाही. 8 ते 2 सहा तास, 2 ते 8 सहा तास. लक्षात ठेवायलाही सोपं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायकांची सकाळ आधीच गर्दीची असते. ती गोळी उठल्या-उठल्या रिकाम्या पोटी, मग अर्धा-पाऊण तासाने नाश्ता आणि डॉक्सी. थायरॉइडच्या गोळीलाही कॅल्शियम आणि लोह 4 तास लांबच लागतं, त्यामुळे दुपारचे 2 तिलाही चालतात.

लोहाचं प्रकरण मात्र जरा चिवट आहे. रक्तात गेलेली डॉक्सी पित्तातून पुन्हा आतड्यात उतरते आणि परत शोषली जाते, अशी तिची चक्कर चालू असते. आतड्यात तेव्हा लोह असेल तर ते तिला दुसऱ्या फेरीतही पकडतं. म्हणून कितीही अंतर ठेवलं तरी थोडी खोट राहू शकते. दोन-चार आठवड्यांचा कोर्स असेल आणि हिमोग्लोबिन फार खाली नसेल तर लोह तेवढे दिवस थांबवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्वतःहून बंद करू नका, विशेषतः अॅनिमिया असेल तर. चालूच ठेवायचं ठरलं तर दुपारी संत्र्याच्या रसासोबत घ्या (हिवाळ्यात नागपूरकराला ते सांगावं लागत नाही), आणि चहा-कॉफी व कॅल्शियम त्याच्या आसपास नको.

सगळी अँटिबायोटिक एकाच माळेचे मणी नाहीत

लाइमसाठी डॉक्सीऐवजी कधी अमॉक्सिसिलिन देतात. त्याचं कॅल्शियमशी किंवा दुधाशी भांडण नाही. सेफ्युरॉक्झिमची गोळी जेवणासोबत घेतली की चांगली शोषली जाते, आणि सकाळची ‘गॅसची गोळी’ तिचं शोषण कमी करते, तेव्हा पॅन्टोप्राझोल सवयीने घेत असाल तर सांगा. सेफ्ट्रायक्झोन शिरेतून जातं, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या कॅल्शियमची चिंता नाही. मात्र कॅल्शियम असलेलं सलाइन, म्हणजे आरएल, त्याच नळीतून त्याच वेळी देत नाहीत. दोन्ही मिळून साका धरतो. घरी येऊन सलाइन लावणाऱ्याला हे आधी विचारा. हे इंजेक्शन बरेच दिवस चाललं तर पित्ताशयात गाळ साठू शकतो, म्हणून उजव्या बरगडीखाली दुखलं तर ‘वायू’ म्हणून ओवा खात बसू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन हे लाइमचे नाहीत, पण खनिजांच्या बाबतीत ते डॉक्सीचे सख्खे भाऊ. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असेल तर दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टं बंद ठेवा. त्यात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि दारू न पिणाऱ्यालाही मळमळ, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो.

गिळून लगेच आडवं होणं

रात्रीची डॉक्सी अंथरुणात बसून, अर्ध्या घोट पाण्यावर घेतली की कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. मग छातीत आग, थुंकी गिळायलाही दुखतं, आणि पेशंट त्यावर गॅसचं पातळ औषध घेतो, ज्यात पुन्हा अॅल्युमिनियम! पूर्ण ग्लास पाणी, आणि नंतर अर्धा तास बसून किंवा उभं. सकाळची गोळी नाश्त्यासोबत चालते, पोहे असले तरी. तर्री मात्र बेताची घ्या, छातीत जळजळ झाली तर नेमकं कुणामुळे ते कळायला हवं.

डॉक्सीने कातडी उन्हाला हळवी होते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे गेल्यावर स्कूटरवरून जाणाऱ्या बाईचा दुपट्टा डोक्यावर असतोच, हातमोजेही घाला.

दही, प्रोबायोटिक आणि ‘एलबी’

अँटिबायोटिकने जुलाब होऊ नयेत म्हणून प्रोबायोटिक घेणं ठीक, पण त्याच घोटात नको. किमान 2 तासांचं अंतर ठेवा, नाहीतर विकत घेतलेले जिवाणू अँटिबायोटिक मारून टाकतं. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, तिला अँटिबायोटिक मारत नाही. तोंडातल्या किंवा योनीमार्गातल्या बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल चालू झालं तर ते मात्र मारेल. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी आणि मोठ्या शिरेत कायमची नळी असलेल्यांनी ही यीस्ट डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. आपल्याकडे डॉक्सीच्या काही कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस आधीच घातलेला असतो, नावापुढे ‘एल’ किंवा ‘एलबी’ असतं. पण तो अँटिबायोटिकसोबतच पोटात जातो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. दही दुपारच्या जेवणात खा.

नैसर्गिक आहे म्हणून दुप्पट

काकूंचं कॉड लिव्हर ऑइल मी बाजूला ठेवायला लावलं आणि त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच पुढचं सांगितलं. त्यात व्हिटॅमिन ए असतं, मल्टीव्हिटॅमिनमध्येही असतं. डॉक्सी आणि जास्तीचं व्हिटॅमिन ए, दोन्हींमुळे मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. एकत्र घेतल्यावर धोका वाढतो. डोकं सतत दुखणं, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, कानात ठोके ऐकू येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. रक्त देण्याआधी लॅबला सांगा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर अँटिबायोटिक सुरू होताच आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, लवकर करून घ्या. हळदीच्या कॅप्सूल आणि फिश ऑइल त्यात भर घालू शकतात. आमटीतली हळद वेगळी, कॅप्सूलमधली वेगळी. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. माझं मत विचाराल तर अँटिबायोटिकचा लांब कोर्स चालू असताना तो वाद आपल्या यकृतावर तपासून बघू नये.

"हे तं जंतू मरून राहिले"

लाइमचं औषध सुरू झाल्यावर पहिल्या 24 तासांत ताप, थंडी, अंगदुखी वाढू शकते. मरणाऱ्या जिवाणूंमुळे येणारी ही प्रतिक्रिया खरी आहे आणि थोड्या वेळात ओसरते. पण तिसऱ्या आठवड्यात आलेली पुरळ, पिवळे डोळे, दिवसातून सात-आठ पातळ जुलाब यांना तेच नाव देऊन सहन करत बसणं धोक्याचं आहे. जुलाब थांबवायची गोळीही स्वतःहून घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर आतड्यात सी. डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो, त्याला वेगळे उपचार लागतात.

आणखी एक गोष्ट काहींना कडू लागेल. कोर्स संपल्यावरही काहींना महिनोन्‌महिने थकवा, सांधेदुखी, डोक्यात धुकं राहतं. त्रास खरा असतो, तो मनाचा खेळ नाही. त्यालाच बरेच जण क्रॉनिक लाइम म्हणतात आणि महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवतात. अमेरिकेत 2001 मध्ये आणि नेदरलँड्समध्ये 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लांबवलेल्या अँटिबायोटिकने खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. शिरेतून बराच काळ औषध देण्याचे धोके मात्र राहतात. म्हणून तिकडून मागवलेली स्ट्रिप संपली की इथल्या दुकानातून ‘अजून एक महिना’ मागू नका. मी देणार नाही.

चुकून एकत्र घेतल्या तर?

काकूंनी आठवड्याने हाच प्रश्न फोनवर विचारला. पाहुणे आले, गडबडीत 8 ची डॉक्सी आणि कॅल्शियम एकदम गेलं. दुसरी डॉक्सी भरपाई म्हणून घ्यायची नाही. रात्रीची तिच्या वेळेला घ्यायची, कॅल्शियम त्या दिवशी पुन्हा नाही. एक-दोनदा झालं तर एवढंच पुरे. पण काकूंसारखं दोन आठवडे रोज होत आलं असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावंच लागतं, कारण गुडघा उतरत नसेल तर औषध लागू पडत नाहीये की पोचतच नव्हतं, हे त्यांना ठरवायचं असतं. काकूंच्या डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि कोर्स किती दिवसांचा धरायचा ते नव्याने लिहून दिलं. काकांनी ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आहे, शेजारी कॅल्शियमच्या डबीसाठी मोबाइलवर दुपारी 2 चा गजर. तो वाजला की आता शेजारीणही आपली पुडी काढते म्हणे.