वेलोड्रोमवर पहिल्यांदा उतरताना

वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतींचा लंबगोल ट्रॅक, वळणांत भिंतीसारखा कललेला. तिथल्या ट्रॅक सायकलला ब्रेक नसतात, गियर एकच असतो आणि फ्रीव्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरणारच. वर्षानुवर्षं रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचीही पहिल्या दिवशी इथेच फसगत होते. वळण आलं की पाय थांबवायचे, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की ट्रॅकवरही पाय आपोआप अडतात आणि सायकल सीटखालून उसळी मारते. ही सवय मोडणं हेच पहिल्या दोन-तीन दिवसांचं खरं काम. वेग आणि शर्यत नंतर.

महाराष्ट्रातल्या नवख्यांना जवळचा ट्रॅक म्हणजे पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातला. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळचा २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक आहे. उघडा सिमेंटचा ट्रॅक आणि छताखालचा लाकडी ट्रॅक यांचा स्वभाव वेगळा. उघड्यावर वारा लागतो, पहाटे दव असतं, पावसाळ्यात शेवाळ धरतं. ओल दिसली तर चालवू नका, विशेषतः रंगवलेल्या रेषांवर, कारण तिथे टायर सगळ्यात आधी घसरतो. लाकडावर पकड छान असते, पण वळणं फार उभी असतात.

जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: नवख्यांसाठी वेगळा तास आहे का, सायकल भाड्याने मिळते का, त्या वेळी प्रशिक्षक हजर असतो का, आणि लहान मुलांची धावपळ किंवा स्केटिंग त्याच वेळी चालतं का. प्रशिक्षकाशिवाय पहिला दिवस करू नका.

सायकल: आधी विकत घेऊ नका

पहिल्या महिन्यात मागून आणलेली सायकल पुरते. रस्त्यावरची ‘फिक्सी’, म्हणजे फ्रीव्हील नसलेली साधी सायकल, मात्र ट्रॅकवर चालेलच असं नाही. तिचा क्रँक (पॅडलचा दांडा) बहुधा लांब आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो आस) खाली असतो, त्यामुळे हळू वेगात उतारावर असताना वरच्या बाजूचं, म्हणजे उजवं पॅडल जमिनीला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. ट्रॅक सायकलला बहुतेकदा १६५ मिमीचा क्रँक असतो, तो याचसाठी.

गियर ४८ × १५ घ्या, म्हणजे पुढे ४८ दाते आणि मागे १५. पॅडलच्या एका फेरीत ही सायकल साधारण ६.७ मीटर पुढे जाते. ताशी ३० किमीला मिनिटाला ७५ फेऱ्या पडतात, ४० ला शंभर. नवख्याला हे झेपतं. यापेक्षा जड गियर लावला तर सुरुवात करतानाच दमछाक होते, आणि थांबताना पायांनी चाक अडवायला जास्त जोर लागतो. हलका गियर लाजिरवाणा वाटू देऊ नका, पाय गोल फिरायला तोच शिकवतो.

निघण्याआधी पाच मिनिटं सायकल तपासा. दोन्ही चाकांचे नट १५ नंबरच्या पान्याने घट्ट करा. पॅडलवर जोर येतो तेव्हा चेन मागचं चाक उजव्या बाजूने पुढे ओढते. नट सैल असेल तर चाक तिरकं होऊन फ्रेमला अडकतं. चेन बघताना क्रँक हळू फिरवा, कारण चेनरिंग (पुढची मोठी दातरी) पूर्ण गोल नसते: एका जागी चेन ताठ होते, दुसरीकडे सैल. सगळ्यात ताठ जागी चेन मधोमध वर-खाली साधारण एक सेंटीमीटर हलली पाहिजे. अजिबात हलली नाही तर बेअरिंग झिजतं. फार सैल राहिली तर ती उतरते, आणि फिक्स सायकलवर उतरलेली चेन मागचं चाक जागीच अडवू शकते.

मागच्या दातरीच्या बाहेर तिला जागी धरणारी एक कडी, लॉकरिंग, असते. तिचे आटे उलटे असतात, म्हणजे ती डावीकडे फिरवल्यावर घट्ट होते. सायकल थोपवताना पाय मागे दाबले की तो जोर दातरीला सोडवायच्या दिशेने लागतो. लॉकरिंग नसेल किंवा सैल असेल तर दातरी आट्यांवर गरगरते आणि वेग कमी करायचं तुमचं मुख्य साधन हातातून जातं. तपासणीत हीच सर्वाधिक चुकवली जाणारी गोष्ट.

हँडलच्या टोकांना बुच हवेत, उघडी नळी पडताना मांस कापते. टायर ७०० × २३ असेल तर सिमेंटवर १०० पीएसआयच्या आसपास हवा ठेवा, गुळगुळीत लाकडावर थोडी जास्त. बाटली, तिचा पिंजरा, दिवे, पिशवी सगळं काढा. खिशातला फोनसुद्धा. ट्रॅकवर पडलेली वस्तू मागच्याला चुकवता येत नाही. हेल्मेट अर्थातच हवं. आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला, कारण पडल्यावर तळहात आधी सोलतो.

रेषा

आतल्या कडेचा आकाशी रंगाचा पट्टा हा ट्रॅकचा भाग नाही. तो चढायला-उतरायला आहे. ट्रॅकच्या आतल्या कडेपासून २० सेंमीवर काळी रेषा: ट्रॅकची लांबी तिच्यावर मोजतात. ८५ सेंमीवर लाल रेषा. काळ्या-लाल पट्ट्यात वेगाने जाणाऱ्याला आतून कुणी ओलांडायचं नाही. आणखी वर निळी रेषा. सरावात सावकाश फिरणारे बहुधा निळ्याच्या वर असतात आणि वेगात जाणारे खाली. दिशा नेहमी घड्याळाच्या काट्याच्या उलट. म्हणून वरची बाजू कायम उजवी, आणि वर सरकण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. हे एकदा विसरलं की धडक ठरलेली.

पहिल्या फेऱ्या

आतल्या बाजूचं रेलिंग डाव्या हाताने धरून सीटवर बसा. एक पाय पॅडलच्या पट्ट्यात अडकवा, कुणाला तरी मागचं चाक किंचित उचलायला सांगून क्रँक जुळवा आणि दुसरा अडकवा. पट्टे जास्त आवळू नका. मग रेलिंग सोडून आतल्या सपाट जागेवरच चार-पाच फेऱ्या घाला. या फेऱ्यांत फक्त थांबणं शिका: पाय थांबवायचे नाहीत, फिरता फिरता त्यांना किंचित मागे रेटायचं, जसं जिना उतरताना आपण वजन तोलून धरतो. फेरीगणिक वेग उतरू द्या. रेलिंगजवळ चालण्याच्या वेगाने या, आधी रेलिंग धरा, मगच पाय सोडवा. बूट आधी सोडवायला गेलात तर पॅडल पाय घेऊन फिरतं आणि माणूस बाजूला कोसळतो.

हे जमलं की आकाशी पट्ट्यावर वेग वाढवा, सरळ भागात काळ्या रेषेवर चढा. वळणात नाही. सरळ भागाचा उतार बेताचा असतो, तिथे सायकल सहज वर जाते.

आता पहिलं वळण. भिंत अंगावर आल्यासारखी वाटते आणि पाय ढिले पडतात. नेमकं हेच करायचं नाही. २५० मीटरच्या ट्रॅकचा उतार वळणात ४० अंशांच्या पुढे असतो. तो अशा बेताने आखलेला आहे की ताशी ५०च्या आसपास सायकल त्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात राहते. त्याहून हळू गेलात तर उरलेलं काम एकट्या टायरच्या पकडीवर पडतं, आणि फारच हळू गेलात तर पकड सुटते, चाकं खालच्या बाजूला सरकतात. म्हणून अशा ट्रॅकवर ताशी ३० च्या खाली येऊ नका. मीटरची गरज नाही: २५० मीटरची फेरी ३० सेकंदांत, ३३३.३३ मीटरची ४० सेकंदांत म्हणजे ताशी ३० किमी. बाहेरून कुणाला तरी घड्याळ लावून फेरी ओरडून सांगायला सांगा. सिमेंटचे मोठे ट्रॅक कमी उभे असतात, तिथे थोडं हळू गेलेलं चालतं, पण पायांवरचा दाब वळणात तितकाच हवा.

नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. हँडल वळवू नका, अंग सायकलबरोबर कलू द्या. कोपर सैल. हात ताठ असले की प्रत्येक धक्का हँडलमध्ये उतरतो आणि सायकल वाकडीतिकडी जाते.

दहा फेऱ्या काळ्यावर सरळ गेल्या की लालवर, मग निळ्यावर. वर चढल्याने वेग मरतो, खाली उतरताना तोच परत मिळतो. ब्रेकची जागा हा चढ घेतो. पुढच्याच्या फार जवळ आलात तर पाय अडवण्याआधी थोडे वर सरका, पण आधी खांद्यावरून बघून.

रांगेत चालवायची घाई नको. चार-पाच दिवस एकट्याने झाल्यावर प्रशिक्षकाला विचारून पुढच्याच्या मागे एक सायकलभर अंतर ठेवा, पुढे ते अर्ध्या मीटरपर्यंत आणता येतं. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाता कामा नये. तो थोडासा हलला तरी पडाल तुम्हीच. पुढे राहण्याची पाळी संपली की वळणाच्या सुरुवातीला वर जायचं, रांग खालून निघू द्यायची आणि शेवटच्याच्या मागे उतरायचं. पुढे असताना अचानक वेग वाढवू नका, ओळ तुटते.

गोंधळ झाला तर ज्या रेषेवर आहात तिथेच रहा. मागून येणारा तुम्ही सरळ जाल हे धरूनच बाजूने निघतो. दचकून बाजूला झालात की त्याला जागा उरत नाही.

घरी आल्यावर चेन पुसताना चाक हवेत फिरवत फडकं लावू नका. फडकं दातरीत ओढलं गेलं तर बोटही ओढलं जातं, आणि फ्रीव्हील नसल्याने ते चाक थांबत नाही. क्रँक हाताने धरा, एका वेळी वीतभर चेन पुसा, क्रँक पुढे सरकवा आणि पुन्हा धरा.