कुलवृत्तांतातून आपली शाखा कशी शोधावी

आडनाव टाकले की वंशावळ तयार, असे सांगणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीची पुस्तके, त्या त्या कुलमंडळांनी पदरमोड करून छापले आणि त्यातले कितीतरी हौशी मंडळींनी स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत.

आडनावापुढे कुलवृत्तांत, कुलवृत्तान्त, कुळवृत्तांत ही सगळी रूपे टाकून पाहा, रोमन लिपीतही. पीडीएफ उतरवून घ्या. आतल्या मजकुरात संगणकाकरवी शोधण्यावर भिस्त नको, जुनी देवनागरी छपाई त्याला धड वाचता येत नाही. गावाच्या नावावरून शोधा आणि पाने स्वतः चाळा. मालवण, देवगडकडचे घराणे असेल तर जुन्या पुस्तकात जिल्हा रत्नागिरीच दिसेल. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली.

खरी कसोटी माणूस ओळखताना लागते. नातवाला आजोबांचे नाव, ही आपली रीत. त्यामुळे गोविंद विनायक, मग विनायक गोविंद, की पुन्हा गोविंद विनायक. नाव दिसताच हुरळून जाल तर दोन पिढ्या गायब होतील आणि तुमची चूक दहा नातेवाईक उतरवून घेतील. नुसत्या नावावर मी कधीच शिक्कामोर्तब करत नाही. माणूस, बाप, आजा ही तीन नावे, गाव आणि एक तरी साल जुळलेच पाहिजे. शंका उरली तर बायकोचे माहेर पाहा. लग्नात तिचे नाव बदलले असेल, पण माहेरचे आडनाव तेच राहते. मुलगा दत्तक गेला असेल तर बापाचे नाव आणि बहुधा आडनावही बदलते, तेव्हा दोन्ही घराण्यांची पुस्तके उघडा.

पुस्तकातल्या शकावरून इसवी साल काढण्याबाबत तर अर्धवट सल्ल्यांचा सुकाळ आहे. ‘शकात 78 मिळवा’ हे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना लागू पडत नाही. शक चैत्रात बदलतो. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेर 79 मिळवावे लागतात. शक 1800 चा श्रावण 1878 मधला, पण माघ 1879 मधला. पौष असेल तर जुनी जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ देणारे पुस्तक, पाहिल्याशिवाय साल लिहू नका. वसुलीच्या कागदावर ‘फसली 1290’ असेल तर हिशेबच वेगळा: हे महसुली वर्ष मृगाला सुरू होते, डिसेंबरअखेरपर्यंत 590 आणि पुढे 591 मिळवायचे.

जुळलेली शाखा विकिट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवा. प्रत्येक नावापुढे पुस्तक आणि पान लिहा; हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र घरच्या वहीतच ठेवा.