झोपलेला सायबॉर्ग ऐकू कसा येणार?

ओसाड पडलेलं अवकाशयान, आत ओळीने निजलेले सायबॉर्ग, म्हणजे अर्धी माणसं अर्धी यंत्रं, आणि त्यात शिरलेली चार माणसं. ऑडिओ ड्रामा करायला निघालेल्या बऱ्याच जणांच्या वहीत हे कथानक असतंच. बिनधास्त करा. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेवरचं निकोलस ब्रिग्जचं ऑडिओ नाटक ‘स्वॉर्ड ऑफ ओरायन’ याच जातीचं आहे. १९८०च्या दशकात हौशी मंडळींनी ते कॅसेटवर केलं आणि २००१ मध्ये बिग फिनिश या ऑडिओ नाटकांच्या ब्रिटिश कंपनीने व्यावसायिक रूपात आणलं. तेव्हा ‘आपल्याकडे स्टुडिओ नाही’ हे रडगाणं नको.

खरी गोम वेगळीच आहे. ऑडिओत जे वाजत नाही, ते नसतंच. पडद्यावर शंभर सायबॉर्ग नुसते उभे केले तरी पोटात गोळा येतो. कानाला ते दिसणार कसे? मग लेखक पात्राच्या तोंडी घालतो, ‘बापरे, केवढे हे सायबॉर्ग!’ असलं वाक्य दिसलं की सरळ काट मारा.

दुसरी पळवाट म्हणजे सायबॉर्ग आहेत हे जाणवावं म्हणून खाली ५० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या सुराचा, घुमारा सोडणं. यात मी इतका काळ घालवलाय की अजून चिडचिड होते. हेडफोनवर अंगावर काटा येतो आणि फोनच्या स्पीकरवर ठार शांतता! तो एवढासा स्पीकर इतके खालचे सूर वाजवूच शकत नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेलं रेकॉर्डिंग, फक्त गढूळ होतं. त्याच घुमाऱ्यावर २००, २५०, ३०० असे ५०च्या पटीतले वरचे स्वर चढवा. खालचा मूळ सूर कान आपसूक भरून काढतो. आणि हा घुमारा पहिल्या प्रवेशातच पेरा. यानात हवा नसेल तर आणखी मजा: हेल्मेटमधला श्वास तेवढा ऐकू येतो, हातमोजा भिंतीला टेकला की घुमारा, हात काढला की बंद. सायबॉर्ग जागे होतील तेव्हा आरडाओरडा नको. हात भिंतीवरच असताना घुमारा तोडा.

घाबरू नका, कान तयार होतो. पण प्लगइनची, म्हणजे आवाजावर इफेक्ट चढवणाऱ्या सॉफ्टवेअरची, यादी वाटत फिरणाऱ्या गुरूंपासून चार हात लांब राहा. आकाशवाणीवर नभोनाट्यं केलेलं कुणी निवृत्त माणूस ओळखीत असेल, तर त्याच्या घरी एकदा चहाला जा. दार किती अंतरावर वाजवायचं हे त्याला विचारा, त्याला सगळं पाठ असतं.

सायबॉर्गच्या आवाजाला रिंग मॉड्युलेटर, म्हणजे बोलणं यंत्रासारखं करणारा इफेक्ट, लावाल तेव्हा ‘स’, ‘श’, ‘च’ हमखास फाटतात. नटाला सावकाश, तोडून बोलायला लावा, आणि इफेक्ट न लावलेलं मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. त्यातलं थोडं मिक्समध्ये मिसळलं की शब्द परत कळतात.