मांसातली चरबी आधी काढा

बीफ असो की म्हशीचं मांस, कीटकनाशकाचा अंश असलाच तर तो धुऊन जाईल या भरवशावर राहू नका. डीडीटी, एंडोसल्फान यांसारखी ऑरगॅनोक्लोरीन (क्लोरीन असलेली) कीटकनाशकं पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतात, म्हणून जनावराच्या चरबीत साठून राहतात. मिठाच्या पाण्यात कितीही बुडवा, फारसा उपयोग नाही.

सुरी धारदार करा आणि कडेची पांढरी चरबी कापून टाका. रस्सा किंवा सूप केलं असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर मेणासारखा थर जमतो, तो चमच्याने खरवडून फेका. (हो, चव थोडी जाते.)

एका जेवणाने काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षं साठण्याचा आहे. हे अंश माणसाच्याही चरबीत राहतात आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी म्हणून जास्त जपावं.

जनावरं पाळणाऱ्यांसाठी एवढंच: फवारलेल्या कपाशीचा पाला, जिनिंगचा कचरा गोठ्यात नको. ऑस्ट्रेलियात 1994 च्या दुष्काळात तो गुरांना घातला गेला आणि क्लोरफ्लुअझुरॉन हे कपाशीवरचं कीटकनाशक थेट बीफमध्ये सापडलं. गोचिडाचं औषध मारल्यावर दूध आणि कत्तलीसाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. लेबल फाटलं असेल तर पशुवैद्याला विचारा, दुकानदाराला नको.