खडक-माती शिकवायचीय? ट्रेमध्ये धरण बांधा

नववीच्या वर्गात खडक आणि माती नुसती फळ्यावर शिकवू नका, मुलांकडून धरण बांधून घ्या. नाशिकमध्ये सामान पायाखालीच आहे. आपला मुरूम आणि काळी माती, दोन्ही झिजलेल्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाची. आणि तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपलं गंगापूर धरणही मातीचंच.

एका ट्रेमध्ये नुसत्या मुरमाचा बांध घाला. दुसऱ्यात मधोमध काळ्या मातीची उभी भिंत आणि दोन्ही अंगांना मुरूम. माती ओलसर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. दोन बोटं जाडीचा थर टाकायचा, ठोकून बसवायचा, मग पुढचा. इथे घाई केली की बांध हमखास फुटतो.

एका बाजूला पाणी भरा आणि मुलांना दुसऱ्या बाजूचा पायथा बघायला सांगा. नुसत्या मुरमाचा बांध आधी पाझरतो. पाझर स्वच्छ की गढूळ, हे वहीत लिहायला लावा. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे.

शेवटी पाणी माथ्यावरून जाऊ द्या. बांध बघता बघता कापला जातो, आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, कुठे हवा होता हे मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात.