पाऊस गेला, आता पानं तुम्ही धुवा

चार महिने पानं धुवायचं काम पाऊस फुकटात करत होता. आता जूनपर्यंत ते आपल्या अंगावर. मुंबईत रुळाकडेला, हायवेलगत, आरे-गोराईत रस्त्याला लागून भाजी लावणाऱ्यांना दरवर्षी हे सांगतो आणि दरवर्षी डिसेंबरात करड्या पानांची वांगी, भेंडी उपटून टाकलेली बघतो.

पानांवर बसणारी ही धूळ शेतातली नव्हे. तिच्यात टायर झिजून पडलेलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, डिझेलची काजळी आणि शिसं असतं. शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण मातीत उतरलेलं शिसं कुजत नाही. गाडी गेली की परत उडतं आणि तुमच्या पालकावर बसतं. शिवाय धुळकट पानावर लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्रकीटक टिकत नाहीत, म्हणून तिचं फावतं.

कोळी दिसला की दुकानदार महागडी बाटली काढतो, वर टॉनिक चिकटवतो. घेऊ नका. आधी पंपाने साधं पाणी मारा, जोरात, पानाच्या खालून. आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर. नाल्याचं पाणी मात्र नको, त्यापेक्षा न धुतलेलं बरं. तरीही आटोक्यात नाही आला तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, संध्याकाळी. भर उन्हात ते पान जाळतं. काकडी-दुधीवर मारूच नका. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं ते पाकिटावर वाचा.

माझा आपला ठोकताळा: पानावर बोट फिरवा, काळं झालं तर वार बघत बसू नका, धुवा.

बाकी नेहमीचं:
– मेथी, पालक, माठ, मुळा पेरणी
– विरळणी, खुरपणी
– कुजलेलं शेणखत
– वाफ्यावर पेंढा

रस्त्याकडचे पहिले दोन वाफे झेंडूला द्या. दादरला विकला जातो आणि कोणी खात नाही. पालेभाजी आत घ्या.

धुतल्याने जातं ते पानावरचं. याच धुळीतलं कॅडमिअम, हा विषारी धातू, मातीत गेलं की मुळातून वर चढतं, ते कितीही पाण्यात खळबळलं तरी निघत नाही. म्हणून रस्ता झाडून कडेला लावलेला धुळीचा ढीग ‘काळी माती फुकट मिळतेय’ म्हणत वाफ्यात ओढू नका, कुंडीतही नको. ओढला असेल तर तो वरचा थर काढून टाका आणि यंदा तिथेही झेंडूच लावा.